स्वस्थ बसण्याचे पैसे

मराठी घरात तिकिटं नेहमी दोन जास्त निघतात. हिशेब चुकतो म्हणून नव्हे, भीड मोडवत नाही म्हणून. नाटकाला जायचं असतं चौघांनी, पण ‘वन्संना साधं विचारलंसुद्धा नाही’ हे पुढची दहा वर्षं ऐकण्यापेक्षा सहा तिकिटं काढलेली स्वस्त पडतात. मग प्रयोगाच्या आदल्या दिवशी वन्संचा गुडघा धरतो. त्यांच्या यजमानांना एकट्याने नाटक बघायची मनातून फार इच्छा असते, पण ती चेहऱ्यावर दिसली तर घरात वेगळंच नाटक होईल, म्हणून तेही नको म्हणतात. आणि दोन तिकिटं टीव्हीशेजारच्या वाटीत किल्ल्यांबरोबर येऊन पडतात.

पूर्वी या दोन तिकिटांची सोय लावायला फारशी अक्कल लागत नसे. बालगंधर्व असो, गडकरी रंगायतन असो की शिवाजी मंदिर, ‘हाउसफुल्ल’चा बोर्ड लागला की दारात चार माणसं घुटमळत असायचीच. ‘एक्स्ट्रा आहे का?’ ‘आहेत, दोन.’ ‘कुठली रांग?’ ‘एच.’ एका हाताने तिकिटं, दुसऱ्या हाताने नोटा, व्यवहार संपला. शिवाय तो माणूस पुढचे अडीच तास तुमच्याच शेजारी बसणार. गंडवून जाणार कुठे? फार तर मध्यंतरात बटाटावडा खायला. सिनेमाच्या दारात ‘दस का बीस’ पुटपुटणाऱ्या ब्लॅकवाल्याला आपण उगीच बदनाम केलं. त्याने भाव दुप्पट लावला हे खरं, पण तिकीट अस्सल दिलं आणि पैसे घेताना कुणाला क्यूआर कोड दाखवला नाही.

आता तिकीटही फोनमध्ये आणि गिऱ्हाईकही फोनमध्ये. 22 सप्टेंबर 2024 ला कोल्डप्लेची तिकिटं विक्रीला निघाली, तेव्हा घरोघरी माणसं रविवारचं जेवण सोडून मोबाइलवरच्या रांगेत उभी होती. कार्यक्रम जानेवारी 2025 मध्ये, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. तिकिटाचे दर अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत. ज्यांना मिळालं नाही त्यांना बाहेर लाखांत भाव सांगितले गेले, आणि पैसे देऊन हात चोळत बसलेल्यांच्या बातम्याही आल्या. पण या बातम्या सगळ्या घेणाऱ्यांच्या. तिकीट खरं, माणूस सरळ, आणि विकायला गेला तोच लुटला गेला, अशांबद्दल फारसं छापून येत नाही. कारण ते सांगायचं कसं? ‘दुकान मी मांडलं आणि गिऱ्हाईक गल्ला घेऊन गेलं’ हे चारचौघांत बोलण्यासारखं नाही.

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका कोषागारातून निवृत्त झाले. सरकारी तिजोरीतून पैसे मागणाऱ्या प्रत्येक बिलावर त्यांनी आयुष्यभर हरकती काढल्या. स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेतही त्यांनी म्हणे लाल शाईने दोन त्रुटी दाखवल्या होत्या. अशा माणसाकडे सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाची दोन जादा तिकिटं उरली, नाशिकच्या साडूंचं यायचं रहित झालं म्हणून. पंडित भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ 1953 साली सुरू केलेल्या या महोत्सवाला काका तो रमणबागेत भरायचा तेव्हापासून जात आलेले आहेत. आता मुकुंदनगरला जातात आणि रमणबागेबद्दल बोलतात. तिकीट वाया जाणं त्यांना पटणारं नव्हतं. त्यांनी ऑनलाइन जाहिरात टाकली :

‘सवाईची सीझन तिकिटे दोन, खुर्ची, घरगुती अडचणीमुळे देणे आहेत. मूळ किमतीतच. नफा घेणे नाही. फक्त रसिकांनी संपर्क साधावा. गाणे चालू असताना भेळ खाणाऱ्यांनी साधू नये.’

खऱ्या गिऱ्हाइकांचे फोन आले. एकाने विचारलं, मध्ये खांब येतो का. एकाने फक्त रविवारचं तोडून मिळेल का म्हणून विचारलं. एका बाईंनी वीस मिनिटं घेऊन यंदाच्या कलाकारांची निवड कशी फसली आहे ते सांगितलं आणि ‘रात्री कळवते’ म्हणून फोन ठेवला. कुठली रात्र, ते सांगितलं नव्हतं. आणि मग एक मेसेज आला : ‘हॅलो सर, टिकट अव्हेलेबल है? मैं दोनों ले रहा हूँ.’

भाव नाही, खांब नाही, रविवार नाही. थेट दोन्ही.

माझं स्पष्ट मत आहे की पोलिसांनी सायबर गुन्ह्यांच्या पत्रकात हे पहिलं लक्षण म्हणून छापावं. आपल्याकडे माणूस मेथीची जुडीसुद्धा दोनदा खाली ठेवल्याशिवाय घेत नाही. वस्तू न पाहता, वेळ न विचारता, घासाघीस न करता जो ‘फायनल’ म्हणतो, त्याला वस्तू नकोच आहे. त्याला तुम्ही हवे आहात.

मी सोसायटीच्या पावत्या घ्यायला वर गेलो तेव्हा काका फोन कानाला लावून उभे होते. उभे, कारण पलीकडचा माणूस लष्करात होता. ‘जवान आहे,’ त्यांनी तोंडावर हात धरून मला सांगितलं. फोटोत गणवेश होता. मागितलेलं नसताना त्याने कँटीनचं कार्ड पाठवलं होतं, आधारही पाठवलं होतं. तो स्वतः सीमेवर होता आणि तिकिटं वडिलांना भेट द्यायची होती. आता हा प्रकार काही नवा नाही. जुन्या फ्रिजपासून भाड्याच्या फ्लॅटपर्यंत प्रत्येक जाहिरातीवर हा ‘फौजी’ कित्येक वर्षं येतो आहे. ती ओळखपत्रं बहुधा दुसऱ्याच कुणाची, आधी फसलेल्या एखाद्या भल्या माणसाची असतात. पण ज्याचा जन्म शिक्के तपासण्यात गेला, त्याला कागद दिसला की माणूस दिसेनासा होतो. खरा सैनिक अनोळखी माणसाला स्वतःचं ओळखपत्र वाटत फिरेल का, ही हरकत काकांना सुचली नाही.

‘प्रोग्राम कहाँ है सर? सवाई माधोपुर में?’ पलीकडून आलं.

मला वाटलं, संपलं. पण काका खुलले. त्यांनी सवाई गंधर्व म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ, इथपासून सुरुवात केली. अब्दुल करीम खाँसाहेब झाले, किराणा घराण्याचा सूर झाला. पलीकडचा माणूस ‘जी सर’, ‘वाह सर’ म्हणत ऐकत होता. घरात हा विषय निघाला की काकू मिक्सर लावतात. कित्येक वर्षांत काकांना इतका शांतपणे ऐकून घेणारा माणूस भेटला नव्हता. लबाडांच्या धंद्यातली हीच खरी मेहनत आहे, आणि ती ते मनापासून करतात.

मग पैशांचा विषय निघाला. ‘सर, आर्मी का पेमेंट सिस्टम थोड़ा अलग होता है. पहले आप एक रुपया भेजिए, अकाउंट वेरिफाय हो जायेगा.’ काकांनी एक रुपया पाठवला. लगेच दोन परत आले. काका माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत मुदत ठेवीचे व्याजदर तरळून गेलेले मला स्पष्ट दिसले. त्यापाठोपाठ तिकिटांची पूर्ण रक्कम आधीच भरलेला एक क्यूआर कोड आला. ‘इसको स्कॅन कीजिए, पिन डालिए, पैसा आपके अकाउंट में आ जायेगा.’

इथे सगळी ग्यानबाची मेख आहे. यूपीआय आलं 2016 साली, आणि तेव्हापासून त्यातला एक नियम बदललेला नाही : पिन लागतो तो पैसे देणाऱ्याला. घेणाऱ्याने काही करायचं नसतं. स्कॅन नाही, पिन नाही, लिंक नाही, ‘व्हेरिफिकेशन’चा रुपया नाही. स्वस्थ बसायचं. तुमचा नंबर किंवा यूपीआय आयडी दिला की तुमचं काम संपलं. क्यूआर कोड दाखवायचाच असेल तर तो तुम्ही दाखवायचा आणि त्याने स्कॅन करायचा; तो वाण्याच्या काउंटरवर चिकटवलेला असतो, गिऱ्हाइकाच्या कपाळावर नसतो. समोरच्याने पाठवलेला कोड तुम्ही स्कॅन केलात, तर गिऱ्हाईक तुम्हीच झालात. पडद्यावर चांगलं ठळक लिहून येतं की अमुक इतके रुपये तुम्ही देत आहात. पण पलीकडून कुणी घाई करत असताना पडदा वाचतो कोण?

नियम इतका सोपा असूनही शिकलेसवरलेले लोक फसतात, याचं खापर मी आपल्या संस्कारांवर फोडतो. कष्टाशिवाय पैसा मिळत नाही हे आपल्याला लहानपणापासून इतकं ठोकून शिकवलेलं आहे, की काहीही न करता पैसे येतील यावर आपला विश्वासच बसत नाही. काहीतरी अर्ज असेल, कुठेतरी सही असेल, दोन प्रती असतील. काकांनी नेमका हाच मुद्दा मांडला : ‘अरे, माझी स्वतःची पेन्शन मिळायला दर नोव्हेंबरात मी जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. हा तर परका माणूस. त्याचे पैसे घ्यायला एक पिन घातला तर बिघडलं कुठे?’

या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकूंकडे होतं. त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, हातात लाटणं. ‘अहो, भिशीचे पैसे येतात तेव्हा मी पोळ्या करत असते. हात कणकेने भरलेले असतात. पिन काय कोपराने घालते?’

काका थबकले. मग त्यांच्यातला कोषागारातला माणूस जागा झाला. ‘आपके बिल में कुछ त्रुटियाँ हैं,’ त्यांनी फोनवर सुरुवात केली. ‘पहली त्रुटि...’ दुसऱ्या त्रुटीला पलीकडचा आवाज चढला, तिसरीला ‘अंकल, टाइम खोटी मत करो’ ऐकू आलं, चौथी ऐकायला कुणी नव्हतं. काका बराच वेळ फोनकडे बघत राहिले. पैसे वाचल्याचा आनंद दिसत नव्हता. ‘किराणा घराण्यापर्यंत आणलं होतं मी त्याला,’ ते म्हणाले.

फौजी हा एक अवतार. एक पठ्ठ्या येतो तो नुसता स्क्रीनशॉट पाठवतो : हिरवी खूण, रक्कम, तारीख, सगळं झकास. असा स्क्रीनशॉट बनवून देणारी खोटी ॲपच फिरत असतात. या बाबतीत आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी सगळ्यांच्या पुढे आहेत. सुटाबुटातल्या माणसाने परवा त्यांच्या नाकासमोर फोन धरला, ‘हे बघा, गेले.’ मावशींनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. कांद्याच्या ढिगावर ठेवलेल्या, पैसे आले की बोलणाऱ्या डबीकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘दादा, आवाज न्हाई आला.’ तो पाच मिनिटं नेटवर्कला शिव्या देत उभा राहिला. मावशींनी तोवर त्याच्या पिशवीतली कोथिंबीर काढून परत जुडीत लावली. आपल्याला मात्र समोरच्याला ‘थांबा, माझ्या खात्यात बघतो’ म्हणायला संकोच वाटतो. अविश्वास दाखवल्यासारखं होतं ना!

आणखी एक जण चुकून एक शून्य जास्त पाठवतो. पाठवतो म्हणजे तसा मेसेज पाठवतो : ‘आपल्या खात्यात वीस हजार जमा.’ आणि लगेच रडकुंडीला आलेला फोन : दोनच हजार पाठवायचे होते, आईचं ऑपरेशन आहे, बाकीचे परत करा. मेसेज बँकेच्या नावाने असतो पण येतो दहा आकडी मोबाइल नंबरावरून, बँकेचे तसे येत नाहीत. स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये डोकावलं की कळतं, वीस तर नाहीतच, दोनही नाहीत. पण ऑपरेशन म्हटल्यावर डोकावतो कोण. पैसे खरोखरच जास्त आले असतील तरी आपण होऊन परत पाठवायचे नाहीत. बँकेला कळवायचं आणि तिला उलटे फिरवू द्यायचे. का, ते पुढच्या प्रकारात.

तो प्रकार मला सगळ्यांत भारी वाटतो, कारण त्यात पैसे खरे येतात. चोर तुमच्याशी तिकिटाचा सौदा करतो. त्याच वेळी तुमच्याच तिकिटाचा फोटो दाखवून तो तिसऱ्याच कुणाला, समजा नागपूरच्या एका भाबड्या क्रिकेटवेड्याला, तेच तिकीट विकतो आणि पैसे पाठवायला तुमचा यूपीआय आयडी देतो. नागपूरकराचे पैसे तुमच्या खात्यात पडतात. तुम्ही खूश, तिकीट चोराला पाठवून देता. चोर ते चौथ्याला विकतो. नागपूरकर स्टेडियमच्या दारातून परत येतो आणि तक्रार करतो. कुणाविरुद्ध? ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याच्याविरुद्ध. मग एके दिवशी दुधाचे पैसे देताना तुमचं खातं गोठवल्याचं कळतं, आणि आपण कुठल्या पोलीस ठाण्याच्या दप्तरी आरोपी आहोत हे शोधत बसावं लागतं. म्हणून पैसे आले की ज्याच्याशी बोललो त्याच्याच नावावरून आले का, हे बघायचं. ‘मेव्हण्याच्या खात्यातून पाठवलेत’ म्हणाला, तर मेव्हण्याशी बोलायचं. आणि बारकोड, क्यूआर दिसेल असा तिकिटाचा फोटो पैसे येण्याआधी कुणाला द्यायचाच नाही. त्या चौकटीला तिकीट म्हणतात. बाकीचा कागद सजावट.

(रेल्वेचं तिकीट उरलं असेल तर ते विकायच्या भानगडीतच पडू नका. रेल्वे कायद्याच्या कलम 142 खाली तो गुन्हा आहे. तिथे फसवणारा आणि फसणारा, दोघेही एकाच बाकावर बसतील.)

सरकारने सावध केलं नाही असं नाही. जून 2025 पर्यंत फोन लावला की आधी अमिताभ बच्चन सायबर गुन्हेगारांपासून सावध करायचे. ॲम्ब्युलन्सला लावला तरी आधी अमिताभ. लोक इतके वैतागले की शेवटी ती धून बंद करावी लागली. तोवर माणसं ती सूचना पूर्ण ऐकून घ्यायची आणि मग ज्याला फोन लावला त्या भामट्याशी आदराने बोलायची. यूपीआयवर एकमेकांकडे पैसे मागण्याची जी सोय होती, तिच्या आडून बरेच जण लुटले जायचे. व्यक्ती-व्यक्तींमधली ती सोय 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद झाली. भामट्यांनी फार मनाला लावून घेतलं नाही. क्यूआर कोड होताच.

फसल्यावर 1930 या नंबरला फोन करायचा असतो, आणि तोही ताबडतोब, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतात. वाटेत असताना अडवता आले तर आले. प्रत्यक्षात आपला क्रम वेगळा असतो. पहिला तास बायकोपासून लपवण्यात जातो. दुसरा, आयटीत असलेल्या भाच्याला ‘माझ्या एका मित्राचं असं झालंय’ म्हणून विचारण्यात. तिसऱ्या तासाला माणूस चक्क भामट्यालाच फोन करतो. तो तत्परतेने माफी मागतो, ‘टेक्निकल इश्यू’ झाला म्हणतो आणि रिफंडसाठी नवा क्यूआर कोड पाठवतो. तोही स्कॅन करणारे आहेत. 1930 चा नंबर लागतो तो त्यानंतर.

काकांची तिकिटं शेवटी गेली. चिंचवडच्या एका निवृत्त गृहस्थांनी घेतली. पण हे गृहस्थ काकांपेक्षा दुप्पट घाबरलेले होते. त्यांनी आधी व्हिडिओ कॉलवर काकांना तिकिटं आणि त्या दिवसाचं वर्तमानपत्र हातात धरून दाखवायला लावलं. काकांनी दाखवलं, आणि मग त्यांनाही त्यांचं वर्तमानपत्र दाखवायला लावलं. भेट पोलीस चौकीसमोरच्या अमृततुल्यमध्ये ठरली. काका काकूंना बरोबर घेऊन गेले, साक्षीदार म्हणून. ते गृहस्थ पुतण्याला घेऊन आले होते, धिप्पाड होता म्हणून.

पाच मिनिटांत दोघे रमणबागेवर आले. कोण किती वाजता गायला बसलं, कुठल्या साली थंडी किती होती, गोधड्या पांघरून कुठल्या रांगेत बसायचो. काकू आणि पुतण्या एका बाजूला चहा पीत बसले. दोन चहांनंतर काकांनी तिकिटं दिली, त्यांनी ती कपाळाला लावली, दोघांनी एकमेकांना नमस्कार केला, आणि काका परत आले.

जिना चढता चढता काकूंनी विचारलं, ‘पैसे?’

काकांनी खिसे चाचपले. मग त्यांनी समोरून जिना उतरणाऱ्या माझ्याकडे पाहिलं, जणू पैसे मीच घेऊन पळालो होतो.

रात्री अकराच्या सुमाराला फोन टिंग वाजला. गृहस्थांनी पूर्ण रक्कम पाठवली होती, खाली दिलगिरी, त्याखाली तानपुऱ्याचं चित्र. बँकेचा मेसेज रीतसर बँकेच्या नावाने होता, नंबरावरून नव्हता. नाव तेच होतं. ॲपमध्ये शिल्लक वाढलेली दिसत होती. मी हे सगळं एकेक करून दाखवलं. काकांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, ‘हे तू म्हणतोस. पासबुकात कुठे आहे?’

सकाळी दहाला ते बँकेत हजर. पासबुक छापण्याच्या यंत्रावर कागद चिकटवलेला होता : ‘प्रिंटर नादुरुस्त आहे. सोमवारी चौकशी करावी.’ त्या सूचनेत तारीख नाही आणि शाखाधिकाऱ्याची सही नाही, अशा दोन त्रुटी काकांनी तिथल्या तिथे काढल्या आणि लेखी देऊन आले.